हळदीचे अकरा फोटो

माझं नाव हरिश्चंद्र. ते ठेवताना आईवडिलांनी मुलगा पुढे काय करणार याचा विचार केला नसावा. गेली सव्वीस वर्षं मी रत्नागिरीत लग्नांचे फोटो काढतो, आणि या धंद्यात खरं दाखवून एकही अल्बम खपत नाही. सावळ्या नवरीला थोडं उजळायचं, नवऱ्याची ढेरी आत ढकलायची, मांडवामागे वाळत घातलेली लुगडी पुसायची. एवढं झाल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, "किती नॅचरल आलेत हो!" आणि आपण मान लववून हसायचं.

मारुती मंदिरापासून चार पावलांवर माझा स्टुडिओ आहे. हल्ली येणारी पोरं हुशार. "काका, रॉ फाईलीपण द्या," म्हणतात. रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याने पाहिलेलं जसंच्या तसं, कच्चं. एकेक फाईल एवढी बोजड की मोबाइलवर धड उघडत नाही. ती कॉम्प्युटरवर घ्यायची, उजेड-रंग नीट करायचे आणि आटवून तिची जेपेग करायची. ती हलकी होते, कुठेही उघडते, कुणालाही पाठवता येते. मी त्या पोरांना माझा ठरलेला विनोद ऐकवतो. "रॉ म्हणजे तांदूळ आणि जेपेग म्हणजे भात. पाव्हण्याच्या पानात कोणी तांदूळ वाढतं का?" हसतात आणि पेनड्राइव्ह घेऊन जातात. भाताचे पुन्हा तांदूळ होत नाहीत, हे मी त्यांना सांगत नाही. आणि शिजवायच्या आधी निवडताना मी काय काय फेकतो, तेही नाही.

आता सांगतो. एका लग्नाचे चार हजार क्लिक होतात. त्यातले नऊशे ठेवायचे. उजव्या हाताने एकेक फोटो पुढे सरकवायचा आणि डावं बोट एक्सच्या बटणावर. डोळे मिटलेले, एक्स. तोंडात घास, एक्स. कुणाची पाठ मध्ये आली, एक्स. हे सगळे फोटोग्राफर करतात. मी आणखी एक करायचो. शुभकार्याच्या चौकटीत विधवा बाई दिसली, की एक्स.

लिहितानासुद्धा लाज वाटते, पण आता लिहायलाच बसलोय तर पूर्ण लिहितो. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका बड्या घरचा अल्बम केला होता. पहिल्याच पानावर नवरीला ओवाळणाऱ्या बायकांच्या घोळक्यात तिची विधवा मावशी आली. नवऱ्या मुलाच्या बापाने तो अल्बम माझ्या काउंटरवर आपटला. दुकानात चार माणसं होती. "धंदा करायचा तर रीतभात शिकून घ्या," असं म्हणून तो गेला. त्या दिवसापासून मी शिकलो. गिऱ्हाइकाने सांगायची वाटच बघायची नाही, आपणच निवडताना काढून टाकायचं. कुणाला कळतही नाही. नऊशे फोटोंत नसलेला फोटो कोण शोधतो? मला वाटायचं, याला म्हणतात अनुभव. माझ्या हाताखाली शिकलेल्यांनाही मी हे शहाणपण म्हणून सांगितलं. दुसऱ्याच्या पायाला लागलेली ठेच नव्हे, आपल्याच पायाची. तरी शहाणपण कसलं ते.

वेदिकाचं लग्न फेब्रुवारीत झालं. घर मिरजोळ्याला, एमआयडीसीच्या अलीकडच्या वाडीत. वेदिका चार वर्षांची असताना तिचा बाप ट्रकच्या अपघातात गेला. आई हौसा, तिथल्याच एका कॅनिंगच्या कारखान्यात हंगामाला आंबे सोलायला जाते, उरलेलं वर्ष काजू फोडते. त्यावर तिने पोरीला बी.एस्सी. केली. लग्नाचं सगळं पुढे होऊन बघत होते ते वेदिकाचे चुलते भिकाजी, तिचे तात्या. सुपारी तेच द्यायला आले होते, अल्बमही तेच पास करणार होते. मोठ्या आवाजाचा माणूस. मांडवात कुणाला पाणी मिळालं नाही तर आचाऱ्यापासून वाजंत्र्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करणारा.

हळद आदल्या दिवशी दुपारी होती. वेदिका पाटावर बसलेली, सवाष्णी आंब्याच्या पानांनी एकेक करून हळद लावत होत्या. हौसाताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. मी तिला चौकटीबाहेर ठेवूनच फोटो घेत होतो. ते आपोआपच होतं, हात सरावलेला आहे.

शेवटची सवाष्ण उठली आणि वेदिकाही उठली. हळदीची वाटी उचलून ती ओल्या अंगाने सरळ दाराशी गेली. तिथे आईपुढे जरा वाकून उभी राहिली आणि म्हणाली, "आता तू."

वाजंत्री थांबलेलीच होती, त्यात बायका गप्प झाल्या. भिकाजींनी तोंड फिरवलं. हौसाताईने दोन्ही हात पदराखाली घेतले. मग तिने वर बघितलं. कुणाकडे बघितलं ते तेव्हा माझ्या नीट ध्यानात आलं नाही, कारण माझा डोळा कॅमेऱ्याला होता. पण मी कॅमेरा जरासा खाली घेऊन मान हलवली आणि म्हणालो, "लावा ताई, लावा." मीच म्हणालो ते. फोटोग्राफरची जात, समोर फोटो दिसला की आम्हाला धर्म-रीत काही सुचत नाही.

तिने हळद लावली. आधी चार बोटं गालाला टेकवून पुन्हा एकदा वर बघितलं, मग सगळा तळवा टेकवला. वेदिका हसत होती की रडत होती ते मला सांगता यायचं नाही. मी अकरा फोटो घेतले. खिडकीचा उजेड नेमका हातावर होता. सव्वीस वर्षांत मी घेतलेले ते सर्वांत चांगले फोटो होते, आणि हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं होतं. परत येताना गाडीत मी शीळ घालत होतो.

आणि पंधरा दिवसांनी, एका साध्या दुपारी, डबा खाऊन झाल्यावर, मी त्या अकराच्या अकरा फोटोंवर एक्स दाबला.

मनात काय होतं म्हणाल तर फार काही नव्हतं. दोन लग्नं रांगेत होती. सातव्या फोटोवर बोट थांबलं खरं. पण भिकाजींनी फिरवलेलं तोंड आठवलं आणि काउंटरवर आपटलेला तो जुना अल्बमही आठवला. म्हटलं, उगाच कशाला, नवऱ्याकडची माणसंही अल्बम बघणार. हौसाताईला मी खड्यासारखी वेचून बाहेर काढली आणि पुढच्या फोटोवर गेलो. मग नऊशे फोटोंची जेपेग लावून चहाला उठलो. मार्चमध्ये हार्डडिस्क भरली तेव्हा त्या लग्नाच्या सगळ्या रॉ फाईली उडवल्या. कार्डं तर कधीच पुसून पुढच्या लग्नांना वापरली होती.

मे महिन्यात, एका सोमवारी सकाळी वेदिका आली. लग्नानंतर तिचा व्हिसा रखडला होता, तो अखेर आला होता. नवरा मस्कतला कंपनीत आहे, ती शनिवारी निघणार होती. हातात अल्बमचे फोटो निवडायला मी दिलेला पेनड्राइव्ह होता.

"हरीकाका, सगळे फोटो दोनदा बघितले. आईने हळद लावली ते नाहीत ह्यात. मला त्यातला एक मोठा करून हवाय. दोन प्रती करा, एक मी नेणार आणि एक आईच्या खोलीत लावणार."

मी कपाळावर आठ्या आणल्या. ह्या आठ्या मला छान जमतात. म्हटलं, "काय सांगू बाय तुला, त्या वेळचं कार्डच करप्ट झालं. एवढा कंपनीचा माल, पण नशीब."

बोलताना तोंड जरासुद्धा वाकडं झालं नाही. नाव हरिश्चंद्र!

तिचा चेहरा उतरला, पण मला काही बोलली नाही. उलट म्हणाली, "असू दे काका, तुमचा काय दोष त्यात? मशीन ते." आणि दारापर्यंत जाऊन मागे वळली. "एखादा धूसर, हललेला असला तरी चालेल. शोधाल?"

माझी चूक, आणि समजूत ती माझी घालत होती. ती गेल्यावर मी काउंटरमागच्या स्टुलावर बसून राहिलो. दुपारचा डबा तसाच परत गेला आणि बायकोने विचारलं तर पित्त झालंय म्हणालो. एक खोटं बोललं की त्याला सोबत म्हणून दुसरं लागतंच.

मंगळवारी सकाळची गाडी पकडून हार्डडिस्क घेऊन खेडला गेलो. तिथे सुजयचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. उडवलेल्या फाईली परत काढण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही. रत्नागिरीतही असं काम करणारे आहेत, पण ते ओळखीचे. खेडला जाण्याचं खरं कारण तेच होतं.

सुजयने डिस्क जोडली आणि विचारलं, "करप्ट झाली की डिलीट केलीत?"

"डिलीट."

"चुकून?"

मी डिस्कच्या रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागलो. त्याने पडद्यावरून मान वळवून माझ्याकडे बघितलं. डॉक्टरला रोग्याने किती दारू पितो ते सांगावं लागतं तसं मला सगळं सांगावं लागेल, असं क्षणभर वाटलं. पण त्याने पुन्हा विचारलं नाही. "त्यानंतर ह्याच डिस्कवर किती लग्नं टाकलीत?" एवढंच म्हणाला.

"सात."

"मग आशा धरू नका."

गुरुवारी त्याचा फोन आला. दहा फाईलींवर नवी लग्नं बसली होती, त्यांचं नाव-निशाण उरलं नव्हतं. अकरावीचा थोडा तुकडा मिळाला होता. रॉ फाईलीच्या पोटात कॅमेरा स्वतःच एक छोटी जेपेग ठेवून देतो, झटपट बघण्यापुरती. ती मिळाली होती, पण अर्धीच. त्याने ती मोबाइलवर पाठवली.

फोटो वरच्या बाजूने शाबूत होता आणि अर्ध्यापासून खाली नुसता करडा पट्टा. वेदिका वाकून उभी होती, त्यामुळे ती सगळी पट्ट्याखाली गेली होती, तिचा गाल आणि आईचा हातही. वर फक्त हौसाताईचा चेहरा राहिला होता. आणि हौसाताई मुलीकडे बघत नव्हती, ती सरळ माझ्याकडे बघत होती.

दाराच्या चौकटीला खांदा टेकलेला, कपाळ मोकळं, डोळे कॅमेऱ्यावर. त्या डोळ्यांत भीती होती आणि एक प्रश्न होता. पोरीच्या शाळेचा दाखला मागायला आलेली बाई टेबलापलीकडच्या साहेबाकडे बघते तसं ती माझ्याकडे बघत होती. लावू का? चालेल का? मांडवात एवढी माणसं, सख्खा दीर समोर उभा, आणि ती परवानगी मागत होती ती फोटोवाल्याकडे. कारण तिच्याकडे तोंड करून उभा असलेला मी एकटाच होतो.

मी मोबाइल उलटा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा बघितला. ती तशीच बघत होती.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला स्टुडिओचं दार ढकलून हौसाताई स्वतः आत आली. मला वाटलं, आता जाब विचारणार. मनातल्या मनात बरंसुद्धा वाटलं, एकदाचं होऊन जाऊ दे. पण तिने पिशवीतून कागदात गुंडाळलेली आंबापोळी काढून काउंटरवर ठेवली. हंगाम चालू होता. कारखान्यात हातमोजे देतात तरी तिची बोटं आंब्याच्या रसाने नखांपर्यंत पिवळी झालेली होती.

"घरी केलेली हाय, भाऊ. पोरांना द्या," ती म्हणाली. मग आवाज खाली आणला. "तुमी त्ये फोटो काढून टाकलाव, लय बरं केलंव."

मी घाईने म्हणालो, "अहो, कार्ड..."

"कार्डाला काय झालेलं नाय, मला म्हायत हाय," ती हसली. मला माफ केल्यासारखी हसली. "पोरगी शिकलेली, तिला न्हाई समजायचं. तुमी चार लग्नं बघिताव. त्या दिशी तुमी मान हलवलीत, लावा म्हनलात, म्हनून माजा हात उचलला. नायतर माजी काय छाती व्हती? पन मागनं तुमालाबी वाटलं असंल, ह्ये काय बरं झालं नाय. वाटलंच असंल. म्हनून तर टाकलात."

मी काउंटरच्या काचेवरचा एक डाग नखाने खरवडत राहिलो.

"लग्न झालं नि आठ दिसांत पोरगी तापानं फणफणली," ती सांगत होती. "मग व्हिसा अडकला, तीन महिनं. मी कुनाला बोलले नाय, पन मनात म्हनत व्हते, हौसे, तुजाच हात नडला. मग ती म्हनाली फोटो आलेच नाय, तवा माजी खात्री झाली. उद्या ती निघते. मी टेशनात जानार नाय. निघताना समोरबी जानार नाय, मागल्या दारीच ऱ्हानार. एवढ्या लांब जाते, तिला माजं कायबी आडवं जायला नको."

ह्या बाईने सोललेल्या आंब्यांचा रस डबाबंद होऊन देशभर जातो. लग्नांच्या पंगतींत वाढला जातो, नवरा-नवरी एकमेकांना भरवतात, आणि कुणाला काही होत नाही. हे मला त्या क्षणी सुचलं होतं, जिभेच्या टोकावर होतं. ताई, चूक माझी आहे, तुमची नाही, भ्यालो मी, एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. पण ते म्हटलं असतं तर मी भला माणूस राहिलो नसतो. ती मला शहाणा समजून आली होती, आणि मी त्या शहाणपणाला घट्ट धरून उभा राहिलो.

म्हणालो काय, तर, "सांभाळून जा ताई, ऊन आहे."

ती गेली. आंबापोळी माझ्यापुढे होती. असं आभाराचं काही घेताना माझा हात कधी कचरला नव्हता, पण त्या दिवशी मी कागदाला हातसुद्धा लावू शकलो नाही. संध्याकाळपर्यंत त्याला मुंग्या लागल्या.

शनिवारी सकाळी मी तो अर्धा फोटो छापला. पोस्टकार्डाएवढाच निघाला, त्याहून मोठा होण्याइतकं त्यात काही नव्हतंच. करडा पट्टा कापून टाकावा असं वाटलं, सवयीने. कापला नाही. गळ्यात कॅमेरा अडकवला आणि मिरजोळ्याला गेलो.

अंगणात बॅगा बांधून ठेवलेल्या. रिक्षा अकराला येणार होती. भिकाजी बॅगांची वजनं तराजूवर करत होते, वेदिका पासपोर्ट पुन्हा पुन्हा पर्समध्ये बघत होती. मला बघून तिचा चेहरा खुलला. "मिळाला?"

मी पाकीट तिच्या हातात दिलं आणि ती उघडायच्या आत बोलायला सुरुवात केली. कारण उघडल्यावर माझ्याने बोलवलं नसतं.

"कार्ड करप्ट झालं नव्हतं. मी तुला खोटं सांगितलं. ते फोटो छान आले होते, सगळे. मीच काढून टाकले. तुझी आई विधवा आहे म्हणून. मला कोणी सांगितलं नव्हतं. तात्या अल्बम बघून रागावतील, सासरची बोलतील, असं मीच धरून चाललो."

तराजूला अडकवलेली बॅग भिकाजींनी खाली ठेवली. मी तयारीत होतो. ओरडतील, अंगावर येतील. ते ओरडले नाहीत. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण अगदी हळू म्हणाले, "मी कधी रागावलो?"

"हळदीच्या वेळी तुम्ही तोंड फिरवलंत."

"अरे, मला रडू आलं मेल्या! चार माणसांत काय रडून दाखवू?" त्यांनी खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. "अठरा वर्सं वहिनीनं या पोरीसाठी काय केलंन ते मी बघितलंय. तो फोटो पयल्या पानावर टाक, म्हणून सांगायला मी तुझ्याकडे येणार होतो. मग वेदू म्हणाली, कार्ड गेलं. गप ऱ्हायलो. तुला कोणी सांगितलं रे हे? कोणी सांगितलं तुला?"

कोणी नाही. हेच तर. पंधरा वर्षांपूर्वी एका माणसाने एक अल्बम आपटला, आणि तेवढ्या भांडवलावर मी गावभरच्या बायकांना त्यांच्या पोरांच्या लग्नांतून उठवत आलो. त्यातल्या किती घरांत असा एखादा भिकाजी असेल, तोंड फिरवून उभा, ते मी कधी विचारलंच नाही.

वेदिकाने फोटो बाहेर काढला होता. तिने करड्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "किती होते?"

"अकरा."

"अकराच्या अकरा काढलेत?"

"हो."

"एकसुद्धा ठेवावासा नाही वाटला, काका?"

तिचा आवाज चढला नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर मी उभा तरी राहू शकलो असतो. मी अंगणातल्या जांभ्या दगडाच्या पायरीवर बसलो, कुणी बस म्हटलं नसताना.

"तुझी आई काल माझ्याकडे आली होती," मी सांगितलं. "तुझा ताप, व्हिसा, सगळं आपल्या हातामुळे झालं असं धरून बसलीय ती. फोटो मी टाकले म्हणजे मलाही तसंच वाटलं, अशी तिची खात्री झालीय. आज ती समोर येणार नाही तुझ्या."

वेदिका आत धावली. मागल्या दारी हौसाताई भांडी घासत बसली होती. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती. वेदिकाने तिला दंडाला धरून पुढच्या अंगणात आणलं. वाटेत देवापुढच्या करंड्यातली चिमूटभर हळद घेतली होती, ती तळव्यावर पाण्याने ओली केली आणि तळवा आईपुढे धरला.

"लाव."

"नको गो बाय. परवासाची येळ."

"त्या फोटोत काही वाईट नव्हतं, आई. ह्यांनी खोटेपणा केला, ते सांगायला आलेत बघ. तात्यांनापण विचार."

"वहिनी, लाव," भिकाजी म्हणाले.

मी उठलो. अंगणात ऊन होतं, पण फणसाखाली चांगला मऊ उजेड होता. कॅमेरा डोळ्याला लावला. वेदिका तशीच वाकून उभी राहिली, त्या दिवशीसारखी. हौसाताईचे दोन्ही हात पदराखाली होते. तिने मुलीकडे बघितलं, दिराकडे बघितलं आणि मग वर बघितलं, माझ्याकडे. तेच डोळे, तोच प्रश्न.

मी कॅमेरा खाली घेतला आणि मान हलवली. "लावा ताई," म्हटलं. "चुकलं होतं ते माझं. लावा तुम्ही."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. रागाने नाही. बाजारात एकदा फसवलेल्या गाड्यावर पुन्हा जायची वेळ आली की आपण आंबा उलटसुलट करून बघतो, तसं. मग तिने नजर खाली घेतली. हात पदराखालून बाहेर आला नाही.

रिक्षाचा हॉर्न वाजला. वेदिका वाकलेलीच होती. तळव्यावरची हळद सुकायला लागली होती. शेवटी तिने ती स्वतःच आपल्या गालाला लावली आणि आईला मिठी मारली. हौसाताईने हनुवटीने तिचं डोकं छातीशी धरलं, पण हात तसेच, पदरात गुंडाळून. तिचे तळवे पोरीला लागले नाहीत.

त्या मिठीचा फोटो माझ्याकडे आहे. एकच क्लिक, रॉ. स्टुडिओतल्या डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलाय. वेदिकाने मस्कतहून दोनदा मागितला, आणि मी दोन्ही वेळा आज करतो म्हणून सांगितलं. तो उघडून बसतो. उजेड नीट करण्यासारखं काही नाही, रंगही चांगले आहेत. फक्त जेपेग करून पाठवायचा आहे. पण तो पाठवला की तिच्या मोबाइलवर, मोठा करून, तिला आईचे पदराखालचे हात दिसतील.